कोणाच्याच नावावर नसलेलं काम

काही चालू नसताना लॅपटॉप तापायला लागला, की माणूस आधी टास्क मॅनेजर उघडतो. सीपीयूच्या रकान्यावर टिचकी मारावी, सगळ्यात जास्त खाणारा वर यावा, त्याला बंद करावं आणि आपल्या कामाला लागावं, एवढीच अपेक्षा असते. ब्राउझर, अँटिव्हायरस, फॉन्टचं सॉफ्टवेअर अशी ओळखीची नावं रांगेने दिसतात. प्रत्येकासमोर शून्य, अर्धा, फार तर एक टक्का. तरी रकान्याच्या डोक्यावर १५-१६ टक्के. शोधत गेलं की एक ओळ सापडते, ‘सिस्टिम इंटरप्ट्स’. तिथे १२-१३ टक्के ठाण मांडून बसलेले असतात. ही ओळ बंद करता येत नाही, कारण तिथे बंद करण्याजोगा प्रोग्रॅमच नसतो. बॅटरी उतरते आहे, पंखा घरघरतो आहे, म्हणजे आत काम चाललं आहे हे नक्की; पण ते काम कोणाच्याच नावावर नाही.

या एका ओळीपायी धडधाकट लॅपटॉप भंगारात गेलेले मी पाहिले आहेत. म्हणून तिच्याबद्दल जे समजलं आहे ते नीट सांगावंसं वाटतं.

लॅपटॉपच्या आत सगळा माल एका कंपनीचा नसतो. टचपॅड एकाचा, वाय-फायची चिप दुसऱ्याची, आवाजाची तिसऱ्याची, कार्ड रीडर चौथ्याचा. प्रत्येकाच्या खोडी तो बनवणाऱ्यालाच ठाऊक. कोणत्या क्रमाने जागं करायचं, किती वेळ वाट पाहायची, कोणत्या खुणेचा काय अर्थ घ्यायचा, हे विंडोजच्या किंवा लिनक्सच्या गाभ्याला उपजत माहीत नसतं. ती माहिती घेऊन येणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. उपकरणाशी थेट बोलायचं तर त्याला आत घ्यावंच लागतं. इंटेलच्या ८०२८६ या प्रोसेसरने १९८२ साली अधिकाराची चार वर्तुळं आखून दिली, शून्यापासून तीनपर्यंत. आपण वापरतो ते प्रोग्रॅम सगळ्यात बाहेरच्या वर्तुळात चालतात. त्यातला एखादा कोसळला तर एकटाच कोसळतो. गाभा शून्याच्या वर्तुळात असतो आणि बहुतेक ड्रायव्हर त्याच्या मांडीला मांडी लावून तिथेच बसतात. तिथे त्यांच्यावर फारसा पहारा नाही आणि टास्क मॅनेजरच्या तक्त्यात त्यांना स्वतःची ओळही नाही. त्यांनी घेतलेला वेळ गाभ्याच्या खात्यावर पडतो.

हा वेळ घेतला कसा जातो, ते समजून घेण्यासाठी एसटी स्टँडवरचा वाहतूक नियंत्रक डोळ्यांसमोर आणावा. तो खिडकीत बसून दिवसभराच्या फेऱ्यांचा तक्ता लिहीत असतो. गाडी लागली की कंडक्टर नोंदीसाठी खिडकीशी येतो. नियंत्रक लिहिता हात थांबवतो, ओळ कुठे सुटली ते ध्यानात ठेवतो, गाडीचा नंबर आणि वेळ चटकन टिपतो, कंडक्टरला मोकळं करतो. सविस्तर नोंद जराशाने. प्रोसेसर हेच करतो. किल्ली दाबली, वाय-फायवरून माहिती आली, की ते उपकरण इंटरप्ट उठवतं. प्रोसेसर हातातलं काम जिथल्या तिथे ठेवतो आणि ड्रायव्हरचा पहिला तुकडा चालवतो. हा तुकडा तातडीचं तेवढं करतो आणि उरलेलं रांगेत लावतो. रांगेतल्या या दुसऱ्या तुकड्याला विंडोजमध्ये डीपीसी म्हणतात. मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना घालून दिलेली मर्यादा अशी, की पहिला तुकडा २५ मायक्रोसेकंदांत आटपावा आणि दुसरा १०० मायक्रोसेकंदांत. कारण डीपीसी चालू असेपर्यंत त्या कोअरवर आपला कोणताही प्रोग्रॅम पुढे सरकू शकत नाही. सगळं सुरळीत असलं की ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ची ओळ एका टक्क्याच्या आतबाहेर राहते. पण गाडी लागलेलीच नसताना एखादा कंडक्टर पुन्हा पुन्हा खिडकीशी येऊ लागला तर? नियंत्रक दर वेळी लिहिणं थांबवणार, नोंदीला काही नाही म्हणून परत वळणार, आणि तक्ता अर्धाच राहणार. बाहेर ताटकळलेल्या प्रवाशांना इतकंच दिसणार, की माणूस जागेवर आहे आणि काम मात्र होत नाही.

इंटरप्टच्या या सोयीतला धोका पहिल्या पिढीलाच जाणवला होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हॉलंडमध्ये इलेक्ट्रोलॉजिका एक्स-१ हे यंत्र आकाराला येत होतं. लूपस्ट्रा आणि स्कोल्टेन यांनी त्यात इंटरप्टची सोय ठेवायचं ठरवलं, तेव्हा त्यासाठीचा प्रोग्रॅम ज्यांनी लिहायचा होता ते एड्सगर डाइक्स्ट्रा बिचकले. तोवर यंत्र दिलेल्या वाटेनेच चालायचं. तोच प्रोग्रॅम आणि तेच आकडे दिले की तीच चूक पुन्हा समोर यायची, म्हणून ती पकडता यायची. इंटरप्ट कोणत्या क्षणी येणार हे मात्र यंत्राबाहेरचं जग ठरवतं. आज झालेली चूक उद्या होईलच असं नाही, आणि झाली तरी त्याच जागी होईल असं नाही. डाइक्स्ट्रांनी अखेर ते काम पत्करलं आणि १९५९ साली त्याच विषयावर डॉक्टरेट मिळवली. त्यांची धास्ती किती रास्त होती, हे आजही अधूनमधून अडखळणारा लॅपटॉप दुकानात नेला आणि तिथे तो शहाण्यासारखा चालला, की लगेच पटतं.

आमच्या दिवाळी अंकाची अक्षरजुळणी साताऱ्यातल्या एक ताई करतात. घरातली एक खोली, तिथे टेबल, प्रिंटर, दोरीला चिमट्यांनी लटकवलेली प्रुफं आणि एक लॅपटॉप. त्यावरच त्यांचा संसार चालतो. एका वर्षी ऐन हंगामात त्यांचं यंत्र रुसलं. ‘सूक्ष्म’ असा शब्द टाइप करताना बोट पुढच्या शब्दावर पोचायचं तेव्हा मागचं जोडाक्षर उमटायचं. काम करताना त्या रेडिओवरची गाणी लॅपटॉपवर लावतात, त्यात मधूनच कडकड येऊ लागली. दुकानात नेलं तर सांगण्यात आलं, की मशीन जुनं झालंय, मदरबोर्ड जायच्या बेतात आहे, नवीनच घ्या. ताईंनी मला फोन केला. “दादा, अजून निम्मा अंक बाकी आहे. आता नवीन मशीन घेतलं तर अंकाचे सगळे पैसे त्यातच जातील. एकदा येऊन बघता का?”

तक्त्यात ‘सिस्टिम इंटरप्ट्स’समोर बाराच्या वरचा आकडा खिळलेला होता. हा आकडा बोलका असतो. त्या यंत्रात चार कोअर होते आणि विंडोजला ते आठ दिसत होते. आठांपैकी एक पुरता अडकला की तक्ता साडेबारा टक्के दाखवतो. म्हणजे सगळं यंत्र थकलेलं नव्हतं. आठांतला एकच जण बांधला गेला होता आणि बाकीच्यांना त्याच्यापायी ठेचा लागत होत्या.

ताई म्हणाल्या, बंद करून चालू करणं तर झालंय. पण विंडोज ८ पासून ‘शट डाउन’चा अर्थ बदलला आहे. फास्ट स्टार्टअपची सोय चालू असली की यंत्र बंद करताना गाभा आणि ड्रायव्हर ज्या स्थितीत असतील तसेच डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि पुढच्या वेळी जसेच्या तसे उचलले जातात. रात्री बिघडलेला ड्रायव्हर सकाळी बिघडलेलाच उठतो. खरी नवी सुरुवात ‘रिस्टार्ट’नेच होते. आम्ही रिस्टार्ट केलं. आकडा हलला नाही. मग बाहेरचं एकेक काढलं. माउस, प्रिंटरची वायर, फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल. चार्जरही काढून पाहिला, कारण बॅटरी, चार्जर, झाकण यांच्या खबरा एसीपीआय नावाच्या यंत्रणेतून गाभ्याकडे जातात आणि चार्जरची पिन सैल असली की त्याच खबरांचा पाऊस पडू शकतो. तिथेही काही नव्हतं. सेफ मोडमध्ये मात्र पंखा शांत झाला. सेफ मोड अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर घेऊन चालतो, म्हणजे वेळ खाणारा उरलेल्यांपैकी कोणीतरी होता.

पुढचं काम डिव्हाइस मॅनेजरमध्ये. एक उपकरण डिसेबल करायचं, थोडं थांबायचं, आकडा बघायचा, ते पुन्हा चालू करायचं आणि मगच पुढच्याला हात लावायचा. एका वेळी एकच, हा नियम सोडायचा नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि त्रास थांबला, तर श्रेय कोणाला द्यायचं हे कळत नाही. ताई वहीत तीन रकाने आखून बसल्या होत्या, उपकरण, आधी, नंतर. प्रूफवाचनाची सवय असलेला हात. एकही ओळ न गाळता त्या लिहीत होत्या. वाय-फाय, ब्लूटूथ, आवाज, कॅमेरा, प्रत्येकापुढे आधी बारा आणि नंतरही बारा. कार्ड रीडर डिसेबल केला आणि आकडा सरळ शून्याच्या जवळ आला. ताईंनी लगेच एक ओळ टाइप करून पाहिली. अक्षरं बोटांबरोबर उमटत होती. मी कार्ड रीडर पुन्हा चालू केला, आकडा चढला. बंद केला, उतरला. दोन्ही बाजूंनी पडताळल्याशिवाय कारण सापडलं असं म्हणू नये.

त्या खाचेत टॉर्च धरून पाहिलं. आत धुळीचा थर होता आणि कार्ड आत आल्याचं ओळखणारी पत्र्याची बारीक पट्टी वाकलेली होती. लग्नाच्या अल्बमांची कामंही ताईंकडे येतात. फोटोग्राफरांची कार्डं वर्षानुवर्षं तिथून आत-बाहेर झालेली. पट्टी धड टेकत नव्हती, धड सुटत नव्हती. त्यामुळे ‘कार्ड आलं’, ‘कार्ड गेलं’ अशी खबर क्षणाक्षणाला उठत होती आणि ड्रायव्हर इमानाने प्रत्येक खबरेच्या मागे धावत होता. ही खबर पोकळ आहे, थोडं थांबू आणि मग पाहू, एवढा पोच त्याला लिहिणाऱ्याने दिलेला नव्हता. आम्ही त्याची आधीची आवृत्ती घालून पाहिली. त्रास कमी झाला, गेला नाही. शेवटी तो कार्ड रीडर कायमचा डिसेबल केला. फोटोग्राफरांच्या कार्डांसाठी यूएसबीला लावायचा छोटा रीडर आणला.

“म्हणजे मशीनला काही झालेलंच नव्हतं?” ताईंनी विचारलं.

“झालं होतं. पण त्या एका खाचेला.”

“मग सगळं मशीनच गेलं असं का सांगितलं असेल हो?”

हा प्रश्न माझ्याबरोबर राहिला. त्या दुकानदाराला खोटं बोलायचं होतं असं मला वाटत नाही. त्याच्यासमोर गिऱ्हाइकांची रांग असते, आणि असा शोध घ्यायला अर्धी दुपार जाते; त्याचे पैसे द्यायला कोणी तयार नसतं. नवीन यंत्र घेतलं की त्रास जातो, म्हणून सल्ला बरोबर ठरल्यासारखा वाटतो. पण त्यात दोषाचा पत्ता लागत नाही. दोषासकट सगळं यंत्रच नजरेआड होतं.

दोषाचा पत्ता लावण्यावर माझा इतका भर का, ते एका जुन्या उदाहरणावरून सांगता येईल. विंडोज एक्सपीच्या काळात डिस्क आणि सीडी ड्राइव्ह डीएमए पद्धतीने चालत. माहिती थेट मेमरीत उतरायची, प्रोसेसरला फक्त शेवटी कळवलं जायचं. वाचताना अडखळलं, वेळेत उत्तर आलं नाही, की ड्रायव्हर ती चूक मोजून ठेवायचा. अशा चुका एकूण सहा झाल्या की तो गती एक पायरी उतरवायचा. मधल्या काळात हजारो वेळा काम नीट झालेलं असलं, तरी आधीच्या चुका पुसल्या जात नसत. चुका होत राहिल्या की पायऱ्या उतरत उतरत ड्राइव्ह पीआयओ पद्धतीवर यायचा. या पद्धतीत डिस्कवरची सगळी माहिती प्रोसेसरला स्वतःच्या हातांनी वाहावी लागते. त्यामुळे एखादी चरे पडलेली सीडी कधीतरी वाचायला लावली, एवढ्या कारणाने यंत्र मंद व्हायचं आणि सीडी फेकून दिल्यावरही मंदच राहायचं. इलाज होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्या आयडीई चॅनलची नोंद काढून टाकायची आणि रिस्टार्ट करायचं. विंडोज उपकरण नव्याने ओळखायचं आणि जुन्या चुका विसरायचं. ज्यांना हे ठाऊक नव्हतं त्यांनी रॅम वाढवली, विंडोज पुन्हा घातलं, यंत्र बदललं. पैसे गेले, वेळ गेला. जिथे हात लावायला हवा होता ती एक ओळ होती.

नाव शोधायची साधनं आज चांगली आहेत आणि ती फुकट मिळतात. मार्क रुसिनोविच यांचा प्रोसेस एक्स्प्लोरर इंटरप्ट आणि डीपीसी यांचा वेळ दाखवतो. लेटन्सीमॉन हे साधन कोणत्या ड्रायव्हर फाईलच्या डीपीसीला किती वेळ लागला, ते मायक्रोसेकंदांत सांगतं. लिनक्समध्ये प्रोक या फोल्डरातल्या इंटरप्ट्स नावाच्या फाईलमध्ये प्रत्येक उपकरणाने कोणत्या कोअरला किती वेळा हाक मारली, याची मोजदाद सतत चालू असते. दोनदा उघडून पाहिली की कोणता आकडा झरझर वाढतो आहे ते लक्षात येतं. मात्र दिसलेलं पहिलं नाव खरं धरायची घाई करू नये. लेटन्सीमॉनच्या यादीत पुष्कळदा एनडीआयएस किंवा डब्ल्यूडीएफ यांच्या फाईली वर दिसतात आणि लोक मायक्रोसॉफ्टला दोष देऊन मोकळे होतात. या फाईली म्हणजे सामायिक चौकट आहे. नेटवर्कचे ड्रायव्हर एनडीआयएसच्या आधाराने चालतात, इतर अनेक डब्ल्यूडीएफच्या. वेळ चौकटीच्या नावावर पडतो, तो घेणारा तिच्या आडोशाला असतो. तिथून पुढे पुन्हा तेच धिमं काम, एकेक बाजूला करून पाहायचं.

या रोगाचं सगळ्यात ख्यातनाम उदाहरण पृथ्वीवरचं नाही. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरत असताना त्याच्या संगणकाने १२०२ या क्रमांकाची धोक्याची सूचना दिली. त्या क्षणी आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांना तिचा अर्थ ठाऊक नव्हता. अर्थ असा होता, की कामं इतकी साचली आहेत की नवं काम घ्यायला जागा नाही. उतरण्याचं गणित तर नेहमीचंच होतं. मग वेळ जात होता कुठे? परतीच्या वेळी मुख्य यान शोधण्यासाठी ठेवलेलं रडार, ज्याचं उतरताना काहीच काम नव्हतं, ते चालू होतं. त्याचा कोन मोजणारी जोडणी आणि संगणक यांच्या वीजपुरवठ्यांची वारंवारिता एकच होती, पण त्यांचा ताल जुळलेला नव्हता. त्यामुळे अँटेना स्थिर असतानाही ती हलते आहे असा भास जोडणीला होत राहिला आणि ती सेकंदाला हजारो स्पंदनं संगणकाकडे धाडत राहिली. प्रत्येक स्पंदन मोजायला संगणकाला चालू काम क्षणभर थांबवावं लागे. असा त्याचा १३ ते १५ टक्क्यांच्या आसपास वेळ खर्ची पडला. कोणत्याही प्रोग्रॅमच्या नावावर तो पडला नाही. जिथे वेळ मोजूनमापून बेतला होता तिथे तो गुपचूप वजा झाला.

यान वाचलं ते हॅल लॅनिंग यांनी आखलेल्या व्यवस्थेमुळे आणि एमआयटीमध्ये मार्गारेट हॅमिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममुळे. कामांना महत्त्वाप्रमाणे क्रम लावलेला होता. साचलं की संगणक स्वतःला नव्याने सुरू करायचा, यान तोलून धरण्याचं काम आधी उचलायचा आणि कमी महत्त्वाचं सोडून द्यायचा. ह्यूस्टनमध्ये जॅक गार्मन आणि स्टीव्ह बेल्स यांनी ही सूचना ओळखली आणि पुढे जायला हरकत नाही असा निर्णय दिला. ही गोष्ट बहुतेकांनी कुठेतरी वाचलेली असते. मला तिच्यातला नंतरचा भाग अधिक मोलाचा वाटतो. यान सुखरूप उतरलं होतं, जग आनंदात होतं. ‘निभावलं ना’ म्हणून विषय सोडून देता आला असता. पण माणसं शोधत राहिली, वेळ खाणाऱ्या रडारपर्यंत पोचली, आणि चंद्रावरून परत निघण्याआधीच ते रडार कसं ठेवायचं याची सूचना वर गेली. संगणक अपुरा पडला, एवढ्यावर त्यांनी समाधान मानलं नाही.

कामाचा भार खरा असतानाही असं होऊ शकतं, हे १९९६ साली जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी एका शोधनिबंधात मांडलं. नेटवर्कवरून माहिती फार वेगाने येऊ लागली, की प्रोसेसरचा सगळा वेळ ‘आणखी आलं’ या खबरा घेण्यातच जातो. आलेल्या मालावर काम करायला क्षणही उरत नाही. यंत्र पूर्ण जोरात चाललेलं असतं आणि हातात काही पडत नाही. त्यांनी सुचवलेला उपाय असा, की लोंढा आला की त्या उपकरणाचे इंटरप्ट बंद करायचे आणि झेपेल त्या गतीने आपणच जाऊन किती माल आला आहे ते विचारायचं. लोंढा ओसरला की इंटरप्ट पुन्हा चालू. लिनक्सच्या नेटवर्क ड्रायव्हरांनी पुढे याच धर्तीची पद्धत उचलली आणि ती आजही चालते.

आत घेतलेल्यावर विश्वास ठेवावाच लागतो, त्याला इलाज नाही. प्रश्न आहे तो त्या विश्वासाचा हिशेब कोणी ठेवायचा हा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००१ साली लिनक्सचा गाभा तपासला, तेव्हा ड्रायव्हरांमध्ये चुकांचं प्रमाण उरलेल्या गाभ्याच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत आढळलं. या चुका अनवधानाच्या. पण २००५ च्या ऑक्टोबरअखेर रुसिनोविच यांनी जाहीर केलं ते वेगळं होतं. सोनी बीएमजीच्या काही गाण्यांच्या सीड्या संगणकात घातल्या, की नकला रोखण्याच्या नावाखाली एक ड्रायव्हर गाभ्यात उतरायचा आणि ठरावीक अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या फाईली मालकाच्या नजरेपासून लपवायचा. त्याच्या सोबत आलेला प्रोग्रॅम दर दोन सेकंदांनी चालू कामांची झडती घ्यायचा आणि गाणं लावलेलं नसतानाही प्रोसेसरचा एक-दोन टक्के वेळ खायचा. पुढच्याच महिन्यात कंपनीला त्या सीड्या परत मागवाव्या लागल्या. तो एक-दोन टक्के वेळ कोणाच्या डोळ्यांवर येण्याजोगाही नव्हता. आपल्या यंत्रात काय चाललं आहे हे कळलंच पाहिजे, अशी ओढ असलेल्या माणसाने तो उजेडात आणला.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांबद्दल मात्र माझ्या मनात राग नाही. त्यांचं काम अवघड आहे. उपकरण कागदावर जसं लिहिलेलं असतं तसं वागतंच असं नाही. एकाच नावाच्या चिपच्या दोन आवृत्त्या वेगळ्या वागतात. विक्रीची तारीख आधी ठरते, तपासणी मागून होते. लिनक्ससाठी तर अनेकांनी कंपनीने माहिती दिलेली नसताना उपकरणाच्या वागण्यावरून अंदाज बांधत ड्रायव्हर लिहिले आणि मोकळ्या हाताने सगळ्यांना दिले. ज्यांच्या नीट केलेल्या कामाचं नाव कधी कुठे येत नाही, अशी ही माणसं. ‘सिस्टिम इंटरप्ट्स’च्या ओळीत वेळ दिसत नाही तेव्हा त्यांचंच काम उत्तम चाललेलं असतं. आणि म्हणूनच एखादा चुकला तर नेमकं त्याचं नाव सांगितलं पाहिजे. मोघम आरोपात चांगलं काम करणारेही भरडले जातात.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. अनेक घरांतल्या, शाळांतल्या आणि छोट्या धंद्यांतल्या लॅपटॉपांवर ‘जुनं झालं’चा शिक्का आता आणखी सहज बसेल. काही यंत्रं खरोखर संपलेली असतात. बॅटरी फुगते, उष्णता वाहून नेणारा लेप वाळतो, डिस्क मरते, आणि दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो. अशा वेळी निरोप द्यावा. पण जुनं होणं हे निदान नाही, कारण त्यातून काय बिघडलं ते कळत नाही. दुकानात तो शब्द ऐकला की शांतपणे विचारावं, “कोणत्या भागामुळे? कोणत्या ड्रायव्हरमुळे? बंद करून, पुन्हा चालू करून पाहिलं का?” शोधाला वेळ लागणार असेल तर त्याचे पैसे द्यावेत, तो वेळ कसबी माणसाचा आहे आणि तो नव्या यंत्राहून स्वस्त पडतो. दुरुस्तीच्या पावतीवर भागाचं, फाईलचं, आवृत्तीचं नाव लिहून मागावं. अशी पावती पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपलाही उपयोगी पडते.

ताईंच्या लॅपटॉपचा निकाल त्यांच्या वहीतल्या तीन रकान्यांत लागला. ही कुवत कोणा एका तज्ज्ञाची मक्तेदारी नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलणं, जे दिसलं ते लिहिणं आणि नाव सापडेपर्यंत निकाल न देणं, एवढं ज्याला जमतं त्याच्या हातून पुष्कळ यंत्रं वाचतील, आणि त्यांच्या जोरावर पोट भरणारी माणसंही.